पाच तेहतीसला सेव्ह कुणी केलं?

आधीच सांगते, या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ती बहुतेक करून हसायलाच. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजत येतात... मी वाचते, नवऱ्याला वाचून दाखवते, आणि दोघं मिळून त्या लेखकाची यथेच्छ टिंगल करतो. त्यामुळे आज माझी टिंगल झाली तर माझी काही तक्रार नाही.

माझं कामच असं आहे की त्यात भुताखेताला जागा नाही. बीडमध्ये मी नेटवर्किंगची कामं करते. शाळा, दवाखाने, कापसाच्या जिनिंग मिल, वसतिगृहं. नेट चालत नसेल तर त्याला कारण असतं. वायर तुटलेली असते, उंदरानं कुरतडलेली असते, नाहीतर साहेबांनी प्लग काढून तिथं स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. माझा जास्त भरवसा तिसऱ्या कारणावर.

हे काम मला अप्पांनी शिकवलं. अप्पा म्हणजे माझे वडील. आधी टेलिफोनमध्ये लाईनमन होते, रिटायर झाल्यावर घरात बसवेना म्हणून या धंद्यात पडले आणि मलाही ओढलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकावर चष्मा, आणि कीबोर्डवर दोन बोटं. टक... टक-टक... टक. मला त्यांच्या टायपिंगचा असा संताप यायचा की मी त्यांना म्हणायचे, "अप्पा, तुमी एक ओळ लिवस्तोर मी कपिलधारला जाऊन येते." त्यावर ते म्हणायचे, "जा. माझ्याबी वाटचा नमस्कार कर."

गेल्या दसऱ्यानंतर अप्पा गेले. तीन दिवस ताप आणि चौथ्या दिवशी नाहीत, इतकं साधं.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्विच म्हणजे एक चपटा डबा, त्याला ओळीनं भोकं असतात. त्या भोकांना आम्ही पोर्ट म्हणतो. सगळ्या कॉम्प्युटरच्या, कॅमेऱ्याच्या वायरी तिथं येतात. नवा डबा कोरा असतो. त्याला नाव द्यायचं, पासवर्ड लावायचा, कुणाला आत शिरता येईल ते ठरवायचं, कोणती वायर कुणाशी बोलेल ते सांगायचं. हे झालं सुरुवातीचं कॉन्फिगरेशन. गंमत अशी की या डब्याला दोन आठवणी असतात. तुम्ही जे टाइप कराल ते लगेच चालू होतं, पण ते राहतं कच्च्या आठवणीत. सेव्हची कमांड दिली तरच ते पक्क्या आठवणीत जातं. नाही दिली आणि लाईट गेली, तर लाईट आल्यावर डबा पुन्हा कोरा. तुमची दोन तासांची मेहनत पाण्यात.

ही चूक आमच्या लाईनमधल्या प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते, आणि ती केल्याचं कुणीच कबूल करत नाही. अप्पांनी त्यावर उपाय काढला होता. सेव्ह करायचं आणि स्वतःच्या हातानं डब्याचा प्लग काढायचा. परत लावायचा. सगळं जागच्या जागी आलं तरच तिथून उठायचं. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत असायचं, मी दात खात असायचे, अप्पा मात्र डब्यासमोर मांडी घालून निवांत.

अप्पा गेल्यावर चार महिने मी एकच काम करत होते असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी लावलेल्या प्रत्येक स्विचमध्ये त्यांच्या नावाचं लॉगिन होतं. इंग्रजीत चार अक्षरं, 'अप्पा'. माणूस काम सोडून गेला की त्याचं लॉगिन काढायचं, हा सुरक्षेचा पहिला नियम. मलाही तो अप्पांनीच शिकवलेला. म्हणून मी एकेका गिऱ्हाइकाकडे जायचे, ते नाव पुसायचे, सेव्ह करायचे, चहा घ्यायचे आणि निघायचे. रडले वगैरे नाही. कामाच्या यादीवर टिक करत होते, बस.

तर फेब्रुवारीतला रविवार. तेलगावहून माजलगावकडे जाताना, रस्त्यापासून जरा आत, कॅनॉलच्या अंगाला एक मुलींचं वसतिगृह आहे. नाव सांगत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुली तिथं राहतात. आईबाप दिवाळीच्या सुमारास जातात ते उन्हाळा लागता लागता परततात, तोवर या पोरी तिथं. जागा खोलगट असल्यानं मोबाइलला रेंज नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात एक कांडी येते, तीही वारा आला की जाते. म्हणून दर रविवारी संध्याकाळी सहा ते सात, कॉम्प्युटरच्या खोलीत पाच कॉम्प्युटरवर पोरी आयांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. तिकडे टोळीत एखाद्याकडेच बरा फोन असतो, त्याच्याभोवती सगळ्या आया जमतात. म्हणून वेळ ठरलेली, ती हुकली की हुकली.

आधीचा स्विच अप्पांनी बसवलेला. तो आणि त्याच्या शेजारचा यूपीएस दोन्ही विजेच्या एका झटक्यात जळून गेले होते. नवा डबा यायला उशीर झाला आणि दोन रविवार कोरडे गेले.

मी तीनला पोचले तर व्हरांड्यात सतरंजीवर पोरी वेण्या घालून, तेल चापून बसलेल्या. तीन वाजता! वॉर्डन कमलकाकू म्हणाल्या, "ताई, सहाला लागंल ना? दोन आईतवार झाले, पोरी नुसत्या बसून उठायल्यात."

"लागेल की. त्यात काय."

"तशी न्हाई हो गोष्ट. ती बघा, पल्लवी." त्यांनी खांबाला टेकून बसलेल्या तिसरीतल्या एका मुलीकडे मान हलवली. "तिची आई फडावरच बाळंत झाली. भाऊ झालाय तिला. पोरगी जेवंना झालीय. म्हनती, आई मेली आन् तुमी सांगंनात. आन् उद्यापासून त्येंची टोळी पुढं जायलीय, तिथं म्हने रेंजच न्हाई."

मी पल्लवीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं.

"यातून आई येते का?" तिनं विचारलं.

"येते," मी म्हणाले. आणि खोकं घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेले.

खोकं मी स्वतः फोडलं, सील मी कापलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणतात की डबा जुना असेल. डबा कोराकरकरीत होता. मी त्याला वसतिगृहाचं नाव दिलं, घड्याळ लावलं, माझं एकटीचं लॉगिन बनवलं, पासवर्ड लावला. कॅमेरे वेगळे, ऑफिस वेगळं, पोरींचे पाच कॉम्प्युटर वेगळे, अशी वाटणी केली. ही वाटणी नसेल तर तिथला राउटर पोरींच्या कॉम्प्युटरला नेट देत नाही, संस्थेनंच तसं मागून घेतलेलं आहे. हे सगळं करायला मला सव्वादोन तास लागले, कारण भिंतीतल्या दोन वायरी मेलेल्या निघाल्या. पाच वाजून पंधरा मिनिटांनी पाचही कॉम्प्युटरवर नेट आलं. मला इतका आनंद झाला की मी लॅपटॉपची केबल काढली, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि पोरींना दाखवायला उठले.

सेव्ह केलं नव्हतं.

दारापर्यंत गेले आणि पंखा थांबला. स्विचचे सगळे हिरवे दिवे एकदम मालवले. त्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. बाहेर कबुतरं घुमत होती, लांब कॅनॉलचं पाणी ऐकू येत होतं आणि मी उंबऱ्यात उभी राहून मनातल्या मनात मोजत होते की मी काय काय टाइप केलं होतं. फोनमध्ये पाच वीस झाले होते.

"येईल हो, दहा मिन्टात येती," काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं मी लाईटसाठी घाबरले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. लाईट लगेच आली असती तरी सगळं पुन्हा टाइप करायला पाऊण तास. वायरी कुठली कुठे तेही मी कागदावर लिहिलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटत होतं, आणि अप्पांवरही राग येत होता, का ते मला विचारू नका.

खोलीला मी कुलूप लावलं. तिथला नियमच तसा आहे, कॉम्प्युटरच्या खोलीत पोरींना एकटं सोडायचं नाही. एकच किल्ली, ती मी ओढणीच्या टोकाला बांधली आणि व्हरांड्याच्या पायरीवर खांबाला टेकून बसले.

फेब्रुवारीतलं ऊन तिरकं आणि पिवळं झालं होतं. समोर ज्वारी उभी. वारा नव्हता, तरी कणसं हलल्यासारखी वाटत होती. पोरी कुजबुजत कसलंसं गाणं म्हणत होत्या आणि ते गाणं हळूहळू लांब गेलं. मी डोळे मिटले ते फक्त काय टाइप करायचं ते आठवायला.

टक... टक-टक... टक.

मला वाटलं कुणीतरी हापशाशी काहीतरी ठोकतंय. मग विभूतीचा वास आला. डोळे उघडावेत असं मला अजिबात वाटलं नाही, एवढं नक्की सांगते. भीती नव्हती. उलट लहानपणी दुपारी झोपल्यावर बाजूच्या खोलीत घरचं माणूस वावरत असलं की कसं बरं वाटतं, तसं वाटत होतं.

"सातवर काय लावलंस गं?" अप्पांनी विचारलं. आवाज पाठीमागून, खोलीच्या बाजूनं.

"कॅमेरा."

"कॅमेरा त लई हायेत. नीट सांग."

"मागच्या दाराचा."

टक. टक-टक. टक.

"आठवर?"

"ऑफिसचा प्रिंटर."

"आन् नऊ ते तेरा?"

"पोरींचे."

इथं टायपिंग थोडं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, तसंच सावकाश, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. आणखी काही विचारावं असं मनात होतं. 'तीन दिवसांत का गेलात' हे विचारायचं होतं. पण झोपेत जीभ जड होते ना, तसं झालं. मग ते म्हणाले, "झालं बघ. ऊठ," आणि मी उठले.

पोरी टाळ्या पिटत होत्या. लाईट आली होती. पाच सत्तेचाळीस.

मी पळत जाऊन कुलूप उघडलं. कुलूप जसं लावलं तसंच होतं, हे सांगायला हवं. लॅपटॉप जोडला. स्विच जागा व्हायला चार मिनिटं घेतो, ती चार मिनिटं मी काय विचार करत होते ते आठवत नाही. कोरा डबा जागा झाला की स्वतःचं नाव सांगतो, नुसतं 'स्विच'. पडद्यावर आलं ते वसतिगृहाचं नाव. पासवर्ड विचारला. माझा टाकला, चालला. पाचही कॉम्प्युटरवर नेट.

मी विचार करायचंच बंद केलं. सहाला दोन मिनिटं कमी होती.

सहाला कॉल लागला. पहिली पल्लवीच. पडद्यावर उसाचं पाचट, एक कोपी म्हणजे पाचटाचं खोपटं, आणि फोनमध्ये पार तोंड घातलेली एक बाई.

"पल्लवे! अगं कावून रडायलीस? मी हाय की. धड हाय."

पल्लवी पडद्याला चिकटली. हुंदके देत नुसती बघत होती.

"जेवलीस का? काकू म्हनल्या जेवत न्हाईस. हे बघ, हे बघ कोन हाय." आणि बाईनं फोन खाली केला. फडक्यात गुंडाळलेला एवढासा लाल चेहरा, डोळे मिटलेले.

"लईच बारीक हाय," पल्लवी म्हणाली.

"आता तू आलीस म्हंजी वाढंल."

मागे उभ्या कमलकाकू पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले, खोटं कशाला बोलू.

सातला सगळं आटोपल्यावर पोरी जेवायला गेल्या आणि मी एकटी डब्यासमोर मांडी घालून बसले. म्हटलं बघू तरी, सेव्ह झालं कसं. मला वाटत होतं की मी गडबडीत कमांड दिली असेल आणि विसरले असेन. पक्क्या आठवणीतलं कॉन्फिगरेशन उघडलं. त्याच्या डोक्यावर स्विच स्वतःच एक ओळ लिहितो : शेवटचं कधी सेव्ह झालं आणि कोणी केलं.

तारीख त्याच दिवसाची, वेळ होती पाच वाजून तेहतीस मिनिटं. कुणी, तर इंग्रजीत चार अक्षरं. 'अप्पा'.

पाच तेहतीसला संपूर्ण परिसरात लाईट नव्हती. डबा मेलेला होता. या डब्याला घड्याळाचीही बॅटरी नसते, लाईट गेली की त्याची वेळही जाते. मी तेव्हा घड्याळ विचारलं तर तो कुठल्यातरी जुन्याच सालातली तारीख दाखवत होता. आणि 'अप्पा' नावाचं लॉगिन त्या स्विचमध्ये नव्हतंच. मी यादी तीनदा पाहिली. एकच नाव, रंजना, म्हणजे माझं.

पडद्यावर आणखी खाली सरकले. सातव्या पोर्टसमोर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'मागचं दार'. आठला 'ऑफिस प्रिंटर'. मी पोर्टना नावं कधीच देत नाही, कंटाळा करते. अप्पा द्यायचे. नऊ ते तेरा, पाचहीसमोर एकच शब्द होता, 'आई'.

मी तिथं किती वेळ बसले ते काकूंना विचारा. त्यांनी दोनदा जेवायला बोलावलं म्हणतात.

मंगळवारी मी इरफानभाईंना घेऊन गेले. ते अप्पांबरोबर टेलिफोनपासून होते आणि देवाधर्माच्या गोष्टी सोडल्या तर कशावर विश्वास न ठेवणारा माणूस. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"ताई, जुन्या स्विचचं कॉन्फिगरेशन टाकलं असशील तू."

"तो जळाला. बॅकअप नव्हता. आणि त्यात तारीख परवाच्या रविवारची कशी येईल?"

"मग झोपेत उठून केलं असशील."

"लाईट नसताना?"

ते डब्याजवळ वाकले. मग डब्यावरची धूळ हातानं पुसत, डब्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अप्पा, यार, रिटायर हो की बे आता." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

तुम्ही विचाराल, फोटो कुठंय? नाही काढला. कॉन्फिगरेशनचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा नाही हा आमच्याकडचा नियम आहे, त्यात दुसऱ्याच्या घराच्या चाव्या असतात. महिनाभर रोज वाटायचं की जाऊन एक काढावा. काढला नाही.

महिन्यानं, पुन्हा एका रविवारी दुपारी, काकूंचा गच्चीवरून तुटक-तुटक फोन आला. सगळं बंद. मी गेले. कारण दिसलंच : एका वायरीचं मोकळं टोक खाली लोंबत होतं, ते बरं दिसेना म्हणून काकूंनी ते स्विचच्याच एका रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवलं होतं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की डबा स्वतःशीच बोलत बसतो, बाकी कुणाचं ऐकत नाही. वायर काढली आणि नेट आलं.

पण खरा उपाय वेगळा. रिकामी भोकं कमांड देऊन बंद करायला हवी होती. ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, सुरक्षेचं कामच आहे ते. आणि बंद करून सेव्ह करायला हवं, नाहीतर लाईट गेली की ती पुन्हा उघडी. आणि सेव्ह केलं की वरची ती ओळ नव्यानं लिहिली जाणार. नवी वेळ, नवं नाव.

मी भोकं बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसले. सेव्ह न करता उठले असते तर कुणाला कळलंही नसतं. काकूंना ताकीद दिली असती, वायरी बांधून टाकल्या असत्या. बहुतेक चाललंही असतं. बाहेर पोरी वेण्या घालून बसल्या होत्या. पल्लवी पण होती, पुढच्या ओळीत. टोळी परतीला लागली होती आणि आज रेंज मिळणार म्हणून निरोप आला होता.

'बहुतेक'वर त्यांचा रविवार ठेवायचा का, एवढाच प्रश्न होता.

"अप्पा, लिहिते हं," मी मोठ्यानं म्हणाले, आणि कमांड दिली. दोन सेकंद लागतात. मग मी ती ओळ पाहिली. तिथं 'रंजना' होतं.

डॉक्टर, इंजिनिअर, तर्कवादी, जे कुणी वाचत असाल त्यांनी सांगा, विजेशिवाय मेलेल्या डब्यात, नसलेल्या लॉगिननं कुणी कसं लिहितं. मी पुस्तकं पाहिली, कंपनीच्या माणसाला विचारलं, त्यानं मला गोड आवाजात 'मॅडम, तुमची काहीतरी चूक होत असेल' म्हणून सांगितलं.  ती ओळ नव्यानं लिहिली त्या संध्याकाळी कॉल लागले, पोरी ओरडत होत्या, आणि मी त्या पाच कॉम्प्युटरच्या मागं भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडत होते. चार महिने नाव पुसत फिरले तेव्हा काही झालं नाही. त्या दिवशी पुसलं तेव्हा कळलं की अप्पा गेले.